व्हिडिओतला चेहरा खरा की बनावट?

मी व्हिडिओ एडिटर आहे. माझी भिस्त ओठांवर. आधी वाक्य नीट ऐका, मग वेग पाव करून बघा. प, ब, म म्हणताना ओठ पूर्ण मिटायलाच हवेत. बनावट चेहऱ्यात ते बरेचदा अर्धवट उघडे राहतात.

मग मान वळते किंवा हात गालावरून जातो तिथे थांबून एकेक फ्रेम सरकवा. जबड्याची कडा थरथरते का? बोटांलगतची त्वचा पुसट होते का? फॉरवर्ड होऊन अस्पष्ट झालेल्या व्हिडिओत खरा चेहराही असाच दिसतो, म्हणून मूळ व्हिडिओ शोधाच.

बनावट चेहऱ्याच्या पापण्या लवत नाहीत, ही २०१८ची खूण आता विसरा; ती आता चालत नाही.

व्हिडिओ कॉलवर ओळखीच्या कुणी पैसे मागितले, तर कॉल ठेवा आणि त्या व्यक्तीच्या तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन लावा.