ॲक्सेसची फाइल पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामची फाइल एकदाच बिघडली तर त्यातल्याच ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ या दुरुस्तीच्या आज्ञेने बहुधा काम भागते; मात्र तीच फाइल दर आठवड्याला बिघडत असेल, तर दोष फाइलपेक्षा ती वापरण्याच्या पद्धतीत शोधावा. दुरुस्तीपूर्वी सर्वांना फाइल बंद करायला सांगावे, शेजारची लॉक फाइल (डेटाबेस उघडा असताना ॲक्सेस त्याच फोल्डरात तयार करते ती) नाहीशी झाल्याची खात्री करावी आणि मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी, कारण दुरुस्तीत खराब नोंदी कधीकधी कायमच्या गळतात.

अनेकजण सर्व्हरवरची एकच फाइल उघडत असतील, तर तिचे दोन भाग करावेत: टेबले सर्व्हरवर राहावीत आणि फॉर्म, क्वेरी व रिपोर्ट असलेल्या फाइलची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या संगणकावर असावी. ही विभागणी टाळून केलेले बाकीचे उपाय माझ्या मते मलमपट्टीच ठरतात. वाय-फायवरचा लॅपटॉप हा नेहमीचा संशयित. नोंद लिहिली जात असतानाच जोडणी तुटली की लेखन अर्धवट राहते, म्हणून केबल वापरावी. वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरात सामायिक फाइल ठेवूच नये.

विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ‘डेटाबेस विसंगत स्थितीत आहे’ अशा अर्थाचा संदेश अनेक ठिकाणी दिसू लागला. त्यावर फाइल शेअर करणाऱ्या यंत्रावरील एसएमबीचे (विंडोजमधील नेटवर्कवरून फाइल शेअर करण्याच्या पद्धतीचे) ‘लीजिंग’, म्हणजे फाइलमधली माहिती वापरणाऱ्याच्या संगणकावर तात्पुरती साठवू देण्याची सोय, बंद करणे हा उपाय आहे. फाइलचा आकार ॲक्सेसच्या २ जीबीच्या मर्यादेकडे सरकत असल्यास जुन्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये हलवाव्यात. एवढ्यानेही भागले नाही, तर नवी कोरी फाइल तयार करून तिच्यात सर्व घटक इम्पोर्ट करावेत.