पन्नास मुलं, एक तास: वर्गाला खो-खो कसा शिकवावा

पी.टी.च्या तासाला खो-खो घ्यायचा म्हटलं की बऱ्याच शाळांत एकच चित्र दिसतं. चपळ अशी बारा मुलं निवडली जातात, ती खेळतात, आणि उरलेली अडतीस कडेला मांडी घालून बसतात. काही वेळाने ती मातीत रेघोट्या ओढायला लागतात, मग एकमेकांना खडे मारायला लागतात, आणि मग बाई त्यांच्यावर ओरडतात. त्या बसलेल्या मुलांना खो-खो येत नाही असा शेरा वर्षाच्या शेवटी मारला जातो. त्यांना तो कुणी शिकवलेलाच नसतो.

मी तिसरी ते आठवीच्या मुलांना बरीच वर्षं हा खेळ शिकवते आहे. अख्खा वर्ग एकाच वेळी खेळू शकतो आणि तीन आठवड्यांत प्रत्येक मुलाला खो नीट देता येतो. त्यासाठी शिकवण्याचा क्रम मात्र उलटा करावा लागतो. आधी बसणं, मग खो देणं, आणि पळणं सगळ्यात शेवटी.

मैदान

स्पर्धेचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. ते शाळेत आखत बसू नका. पाचवीपर्यंतच्या मुलांची त्या लांबीत दमछाक होते, आणि खांबाला वळसा घालून येईपर्यंत खेळातली गंमत निघून जाते. मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधली ज्या पट्टीवर मुलं बसतात ती, १३-१४ मीटरची पुरे, बसायचे चौकोन दीड-दीड मीटरवर. फक्की नसेल तर काठीने रेघ ओढा. खडे, काचा, बाभळीचे काटे मुलांकडूनच वेचून घ्या, कारण खेळ अनवाणी होणार आहे. सुरुवातीचे दोन आठवडे खांब रोवूच नका. त्या जागी जुना टायर ठेवा, वळताना कुणाचं कपाळ आपटणार नाही.

बसणं

चवड्यांवर उकिडवं, टाचा उचललेल्या, एक पाय किंचित पुढे, दोन्ही हातांची बोटं समोर जमिनीला टेकलेली. टाचा टेकवून बसलेलं मूल उठताना आधी मागे झुकतं आणि मग पुढे येतं, तेवढ्यात पळणारा तीन पावलं लांब जातो. पाठीला हात लागला की ते तोल जाऊन पडतंही. दोन मिनिटांहून जास्त वेळ कुणालाही उकिडवं बसवू नका, गुडघे भरून येतात.

खो देणं: इथेच सगळं अडतं

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सहावीच्या वर्गाला फळ्यावर सगळे नियम समजावले, वहीत आकृती काढून घेतली आणि मग मैदानावर नेलं. त्या ३५ मिनिटांत मी फक्त शिट्टी वाजवत होते. कुणी खो मिळायच्या आधीच उठत होतं. कुणी नुसतं ‘खो’ ओरडत होतं, हात लागतच नव्हता. कुणी समोरून खो देत होतं, कुणी मधली पाटी ओलांडून पलीकडे जात होतं. घंटा झाली तेव्हा मोजून चार-पाच खो बरोबर पडले असतील. मुलं हिरमुसली होती आणि एकाने विचारलं, ‘बाई, त्यापेक्षा शिवाशिवी खेळू?’

मला वाटलं, मुलांना नियम कळले नाहीत. म्हणून पुढच्या तासाला मी ते पुन्हा समजावले, आणि पुन्हा तेच झालं. मुलांना नियम तोंडपाठ होते. शरीराला ते ठाऊक नव्हते, कारण पळणारा समोर दिसत असताना नियम आठवायला कुणाला उसंत नसते. म्हणून माझं ठाम मत आहे: खो पक्का होईपर्यंत मैदानावर एकही पळणारा सोडायचा नाही. ‘आधी खेळू द्या, खेळता खेळता येईल’ हा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. लंगडीला तो लागू पडतो, खो-खोला पडत नाही. लवकर उठायची सवय एकदा पायात बसली की ती मोडायला सहा महिने जातात.

पहिल्या तासाला सगळ्यांच्या जोड्या लावा. पन्नास मुलांच्या पंचवीस जोड्या, सगळ्या एकाच वेळी. एकाने उकिडवं बसायचं आणि डोळे मिटायचे, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. मागच्याने उघड्या तळहाताने दोन खांद्यांच्या मधे पाठीला स्पर्श करायचा आणि त्याच क्षणी मोठ्याने ‘खो’ म्हणायचं. स्पर्श आणि शब्द दोन्ही आले तरच पुढच्याने उठायचं. मग मागच्याला मोकळीक द्या: मधूनच नुसतं ‘खो’ म्हण, मधूनच नुसता हात लाव. फसून उठला की जागा बदला. मुलांना हे फसवणं इतकं आवडतं की दहा मिनिटं कशी जातात कळत नाही, आणि मिटल्या डोळ्यांमुळे आवाजाची नि स्पर्शाची सांगड आपोआप बसते. मुलं लवकर उठतात ती मागून येणाऱ्या पावलांच्या आवाजाने. पावलं ऐकू आली तरी बसून राहायचं, हीच इथे खरी तालीम आहे.

हात कसा लावायचा यावर मी आता अजिबात सवलत देत नाही. एकदा एका मुलीला मागून एवढ्या जोरात खो बसला की ती उकिडव्या बैठकीतून सरळ तोंडावर पडली. ओठ फुटला, पांढऱ्या सदऱ्यावर रक्त आलं. खो देणाऱ्या मुलाला मी रागावले नाही. पळत येऊन हात कसा लावायचा हे मी त्याला दाखवलंच नव्हतं, त्याने धावण्याचा सगळा जोर तिच्या पाठीवर टाकला होता. म्हणून आता खो देण्याआधी शेवटची दोन पावलं आखडून घ्यायला शिकवते. धपाटा बसला की तो खो मी बाद धरते, पंचांच्या पुस्तकात काहीही असो.

जोड्यांमध्ये हात बसला की दुसरा प्रश्न येतो: खो कुणाला द्यायचा? चौकोनातली मुलं एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसतात. नवखं मूल पळता पळता सगळ्यात जवळच्याला खो देतं, मग तो त्याच्याकडे तोंड करून बसलेला का असेना. नियम समजावत बसण्यापेक्षा मी एकच वाक्य पाठ करून घेते: ‘ज्याची पाठ दिसते, त्यालाच खो.’ खो नेहमी मागूनच द्यायचा असतो, त्यामुळे या एका वाक्यात निम्मे फाऊल जातात. त्याचं कारणही सातवीच्या मुलांना सांगा, त्यांना ते पटतं. पळणारा मधल्या पाटीतून पलीकडे निसटला की पाठलाग करणाऱ्याला पलीकडे जाता येत नाही. पण ज्याची पाठ आपल्याकडे आहे, त्याचं तोंड पलीकडेच आहे. त्याला उठवलं की पाठलाग न थांबता पलीकडे सुरू होतो. हे कळलं की मुलांना खो म्हणजे हातातली मशाल पुढच्याला दिल्यासारखा वाटायला लागतो.

याच जागी बसणाऱ्याची एक चूक हमखास होते. आपल्याला खो कधी मिळतो ते पाहायला ते मान वळवून मागे बघतं. मग खो मिळाल्यावर समोर पाहतं, आणि पळणारा कुठे गेला ते शोधण्यात दोन सेकंद जातात. मी मैदानाच्या कडेने सारखी ओरडत असते, ‘डोळे समोर, कान मागे!’ आमच्या शाळेत आता मोठी मुलं लहानांना हेच सांगताना ऐकू येतं.

मग खोची शर्यत. पळणारे अजूनही नाहीत. नऊ-नऊ मुलांच्या रांगा करा, आठ जण चौकोनांत एकाआड एक उलट तोंडाने, नववा टोकाला उभा. शिट्टी झाली की त्याने ज्याची पाठ दिसते त्या पहिल्या मुलाला खो द्यायचा आणि लगेच त्याच्या जागी, त्याच दिशेला तोंड करून बसायचं. उठलेल्याने आपल्या समोरच्या बाजूने पुढे जायचं. तिथून त्याला पुढच्या चौकोनातल्या मुलाची पाठ दिसते. असा खो नागमोडी वळणाने शेवटपर्यंत जातो. शेवटचा मुलगा टायरला वळसा घालतो आणि खो तसाच परत फिरतो. चार-पाच रांगा शेजारी शेजारी लावल्या की अख्खा वर्ग खेळात असतो. उरलेली चार-पाच मुलं एकेका रांगेची पंच; चुकीचा खो दिसला की हात वर करायचा आणि तो खो पुन्हा द्यायला लावायचा. पहिल्या दिवशी जी रांग घाईने सुटते ती हरते, कारण तिचे निम्मे खो परत द्यावे लागतात. ही गोष्ट मुलांना स्वतःलाच दिसू द्या, मधे बोलू नका.

शर्यतीतच दिशेचा नियम घालून टाका. उठल्यावर खांदे ज्या बाजूला वळले ती दिशा पक्की. टायरला वळसा घातल्याशिवाय मागे फिरायचं नाही. आणि बसलेल्याच्या पुढे निघून गेल्यावर परत मागे वळून त्याला खो द्यायचा नाही, पुढचा शोधायचा. मोठ्या मुलांचीही इथे गफलत होते, चार तास गेले तरी चालतील.

या टप्प्यावर एक मुलगा मला कायम आठवतो. पाचवीत होता, अंगाने जड, धावण्यात सगळ्यात मागे. संघ निवडताना मुलं त्याला शेवटी घ्यायची आणि तेही कुरकुरत. शर्यतींच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की त्याचा एकही खो वाया जात नाही. पुढे पळणारे आले तेव्हाही तो स्वतः कुणाच्या मागे लांबवर धावायचाच नाही. चार पावलं टाकायचा, पळणाऱ्याचा कल बघायचा आणि तो पाटीतून निसटायच्या नेमक्या क्षणी खो देऊन खाली बसायचा. पुढचा मुलगा उठला की पळणारा त्याच्या हाताच्या टप्प्यात असायचा. एका डावात त्याने स्वतः एकही गडी बाद केला नाही, पण जे चार बाद झाले त्यातल्या तिघांच्या आधीचा खो त्याचा होता. ते मी सगळ्यांसमोर मोजून दाखवलं. त्यानंतर संघ निवडताना त्याचं नाव दुसरं-तिसरं यायला लागलं. पळण्यापासून सुरुवात केली असती तर हा मुलगा मला कधी दिसलाच नसता.

पळणारे

आता सोडा. पळणं मुलांना शिवाशिवीतून येतच असतं. सांगायचं एवढंच: पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यांकडे बघा, सरळ रेषेत धावू नका, बसलेल्यांना हात लावू नका.

बाद झालेल्याचं काय?

स्पर्धेत तीन-तीनची तुकडी उतरते आणि बाद झालेला मैदानाबाहेर जातो. वर्गात हे करू नका. सगळ्यात जास्त सराव ज्याला हवा तो सगळ्यात आधी बाद होतो आणि उरलेला तास बसून काढतो, मग त्याला येणार कधी? मी तीन छोटी मैदानं करते. प्रत्येकी आठ बसणारे, एक पाठलागावर, तीन पळणारे. बाद झालेल्याने पहिल्या चौकोनात बसायचं, तिथल्याने उठून पळायला लागायचं, आणि पुढच्या वेळी दुसरा चौकोन. असं चक्र फिरत राहिलं की तासाभरात प्रत्येक मूल पळतं, बसतं आणि खो देतं. उरलेल्या मुलांना पंच करा आणि दर पाच मिनिटांनी त्यांची पाळी लावा. गुण या आठवड्यात मोजू नका. मोजले की तेज मुलं पाठलाग सोडतच नाहीत, खो द्यायचाच थांबतो.

संघ पाडून खरा डाव घ्याल तेव्हा तो २ मिनिटांचा ठेवा. मोठ्यांचा डाव ९ मिनिटांचा असतो, मुलांना तेवढा पेलत नाही.

सूर मारू देऊ नका

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. माझ्या मुलींनी मोबाईलवर ते सामने पुन्हा पुन्हा पाहिले आणि मला फार आनंद झाला. पण दुसऱ्याच दिवशी सातवीतल्या एकीने मुरमाच्या मैदानावर तसाच सूर मारला आणि कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोलून घेतलं. ते खेळाडू मॅटवर खेळत होते आणि वर्षानुवर्षं पडायला शिकलेले होते. मुरमावर सूर मारायचा नाही, खांबावरून झेपही घ्यायची नाही. ज्याने मारला त्याचा गडी बाद धरायचा नाही, मग मुलं आपोआप थांबतात. खरचटलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, खडीचा कण आत राहू देऊ नका. हळद किंवा माती लावायला धावणाऱ्यांना थांबवा.

घंटेच्या चार मिनिटं आधी खेळ बंद करा. मुलांना हातपाय धुऊ द्या, पाणी पिऊ द्या, आणि टायर पुढच्या वर्गासाठी त्याच खुणेवर ठेवून घ्या.