बायाद पो, पारा पो: फिलिपिन्सला निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

वैद्यकीय शिक्षणासाठी महाराष्ट्रातून दरवर्षी मुले फिलिपिन्सला जातात, आणि व्हिसा, शुल्क, पदवीची मान्यता या विषयांवर त्यांना सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. मात्र तिथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात पडणारे प्रश्न वेगळेच असतात: गाडीचे भाडे कोणाच्या हातात द्यायचे, दुकानदाराला हाक कशी मारायची, जेवायला बोलावणाऱ्याचे बोलावणे खरे मानायचे की नाही. मनिलातील माझ्या वास्तव्यात या गोष्टी मी चुका करत शिकलो. त्यांपैकी ज्या आधी कळल्या असत्या तर बरे झाले असते, त्या येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी ‘पो’ हा एवढासा शब्द पाठ करावा. तागालोग भाषेत वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाशी बोलताना वाक्यात हा शब्द घालतात आणि तो घातला की साधी मागणीही अदबीची होते. कोल्हापूरच्या माणसाला तो समजावून सांगणे सोपे आहे, कारण ‘द्या की ओ’, ‘सरका की ओ’ यांतला आपला ‘ओ’ जे काम करतो, साधारण तेच काम ‘पो’ करतो. त्याच्या जोडीला दोन संबोधने लागतात. आपल्यापेक्षा मोठ्या पुरुषाला ‘कुया’ म्हणजे दादा आणि स्त्रीला ‘आते’ म्हणजे ताई. चालक, दुकानदार, सुरक्षारक्षक, सर्वांना हीच हाक चालते. ‘आते’ ऐकून आत्याची आठवण झाली तरी हसू आवरावे. घरात गेल्यावर ज्येष्ठांचा हात हलकेच धरून त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला लावतात. या रीतीला ‘मानो’ म्हणतात आणि वाकून नमस्कार करण्याची सवय असलेल्याला ती अवघड जात नाही. भाषेचीही फार धास्ती घेऊ नये. गुरूला ‘गुरो’, मुखाला ‘मुखा’, आशेला ‘आसा’ आणि देवतेला ‘दिवाता’ म्हणणारी ही भाषा आहे; संस्कृतातून शतकांपूर्वी तिकडे गेलेले हे शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडू लागतात.

आता जीपनीविषयी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्या तिथल्या कारागिरांनी लांबवल्या, त्यांवर छत चढवले, आत समोरासमोर दोन लांब बाकडी बसवली आणि त्यातून हे वाहन तयार झाले. रंगरंगोटी बाजूला ठेवली तर जीपनी म्हणजे मनिलाचे वडाप होय. रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याकडे जाणाऱ्या वडापात ज्याने गुडघ्याला गुडघा लावून प्रवास केला आहे, त्याला आत बसण्याचे तंत्र शिकवावे लागत नाही. फरक पैसे देण्यात आहे. पारंपरिक जीपनीत बहुधा कंडक्टर नसतो. भाडे घेणे, मोड परत करणे आणि गाडी हाकणे ही तिन्ही कामे चालक एकटाच करतो, आणि चढण्याचे दार मागे असल्यामुळे बहुतेक प्रवासी त्याच्यापासून लांब असतात.

म्हणून समोरच्या काचेवरील पाटी वाचून आधी मार्गाची खात्री करून घ्यावी, मागच्या दाराने वाकून आत जावे आणि बसल्यावर नाणी तळहातावर ठेवून ‘बायाद पो’, म्हणजे ‘भाडे घ्या’, असे म्हणत हात पुढे करावा. शेजारचा प्रवासी नाणी घेतो, पुढच्याला देतो, आणि अशा चारपाच अनोळखी हातांतून ती चालकापर्यंत जातात. सोबत किती माणसे आणि कुठपर्यंत, हेही सांगावे: एकाला ‘इसा’, दोघांना ‘दालावा’, पुढे उतरण्याच्या ठिकाणाचे नाव. उरलेले पैसे, म्हणजे ‘सुक्ली’, त्याच हातांच्या साखळीतून परत येतात. माझ्या पाहण्यात त्यांतले नाणे कधी वाटेत कमी झाले नाही. चालकाच्या पाठीमागची जागा मोकळी दिसली म्हणून नवख्या माणसाने तिथे बसू नये, कारण तिथे बसणाऱ्याला साऱ्या गाडीचे पैसे पुढे-मागे पोहोचवत राहावे लागते. मी पहिल्याच दिवशी तिथे बसलो आणि कोणाची सुक्ली कोणाला द्यायची या गोंधळात माझा स्वतःचा थांबा मागे गेला.

किमान भाडे पहिल्या 4 किलोमीटरसाठी असते. पारंपरिक जीपनीसाठी ते ऑक्टोबर 2023 मध्ये 13 पेसो करण्यात आले. त्यात बदल होत असतात, म्हणून गाडीत लावलेला दरफलक पाहावा. विद्यार्थ्यांना भाड्यात 20 टक्के सवलत देणारा कायदा 2019 मध्ये झाला, पण तो फिलिपिनो नागरिक असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तेव्हा आपले ओळखपत्र पुढे करून वाद घालू नये. सुटे पैसे मात्र अवश्य बाळगावेत. कित्येक गाड्यांत ‘बार्या लांग पो सा उमागा’, म्हणजे ‘सकाळी फक्त सुटे द्यावेत’, अशी पाटी असते. ती वाचता न आल्यामुळे मी एकदा सकाळी सात वाजता हजार पेसोंची नोट पुढे पाठवली. ती हातोहात चालकापर्यंत गेली आणि तशीच हातोहात परत आली. कोणी रागावले नाही, पण शेजारच्या बाईंनी माझे भाडे देऊन टाकले आणि मी आभार मानू लागताच खिडकीबाहेर पाहिले.

उतरायचे असेल तेव्हा ‘पारा पो’ असे खणखणीत आवाजात म्हणावे. आवाज पोहोचत नसेल तर छतावर नाण्याने टकटक केली तरी गाडी थांबते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण आपली बरीच मुले मनिलात नव्हे तर दक्षिणेकडच्या दावाओ शहरात राहतात. तिथे विसाया ही वेगळी भाषा बोलली जाते. तिच्यात ‘पो’ नाही, भाड्याला ‘प्लेते’ आणि गाडी थांबवण्यासाठी ‘लुगार लांग’ असे म्हणतात. मनिलाचे शब्द तिथे कळतात, पण बोलणारा बाहेरचा आहे हेही लगेच कळते. 2017 पासून सरकारने जुन्या गाड्यांच्या जागी नव्या आणण्याची योजना चालवली आहे. नव्या गाड्यांना दार बाजूला असते, त्या बहुधा वातानुकूलित असतात, आणि त्यांत वडापाची मजा नाही. मनिलातील एलआरटी आणि एमआरटी या रेल्वेगाड्यांसाठी आधी पैसे भरून वापरायचे बीप कार्ड घ्यावे, यापलीकडे त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. जीपनी जात नाही अशा गल्लीबोळांसाठी मोटारसायकलला बाजूची डबी जोडलेली ‘ट्रायसिकल’ असते. तिचे भाडे बसण्याआधी ठरवावे.

घराजवळच्या जाळीआडच्या छोट्या दुकानाला ‘सारी-सारी’ म्हणतात. जाळीपाशी उभे राहून ‘पाबिली पो’, म्हणजे ‘विकत घ्यायचे आहे’, अशी हाक द्यावी. येथे सर्व काही ‘तिंगी’ने, म्हणजे सुटे मिळते: एक अंडे, शाम्पूची एक पुडी, लसणाचा एक गड्डा. शीतपेय मागितले तर दुकानदार बाटली स्वतःकडे ठेवून पेय प्लास्टिकच्या पिशवीत ओततो आणि वर नळी खोचून देतो. पिशवी खाली ठेवता येत नाही, त्यामुळे ते उभ्याउभ्याच संपवावे लागते. किमती बहुधा स्पॅनिश आकड्यांत सांगतात, म्हणून पाचाला ‘सिंग्को’, तेराला ‘त्रेसे’ आणि विसाला ‘बेंते’ हे आधीच पाठ असावे.

जेवणाच्या स्वस्त खाणावळींना ‘तुरो-तुरो’ असेही म्हणतात. ‘तुरो’ म्हणजे बोट दाखवणे, आणि मांडलेल्या पातेल्यांकडे बोट दाखवले की ताट भरते. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि तिन्ही त्रिकाळ भात. तांबड्या-पांढऱ्या रश्शावर वाढलेल्या माणसाला तिखट फारसे भेटणार नाही, पण चिंचेचे आंबट ‘सिनिगांग’ सवयीने आवडू लागते. शाकाहारी मंडळींनी मात्र नुसते ‘मांस नको’ एवढे सांगून निर्धास्त होऊ नये, कारण निव्वळ भाजी दिसणाऱ्या पदार्थातही ‘पातिस’ हे माशांचे पाणी किंवा ‘बागोओंग’ ही कोळंबीची किंवा माशांची आंबवलेली चटणी असते. त्या दोन्हींची नावे घेऊन विचारावे. जेवत असलेला माणूस आपल्याला पाहून ‘काईन तायो’, ‘चला जेवू या’, असे म्हणेलच. ओट्यावर बसून जेवणाऱ्याने वाटसरूला ‘या जेवायला’ म्हणावे तसे ते आहे. ‘बुसोग पा पो आको’, ‘माझे पोट भरलेले आहे’, असे हसून सांगावे. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर मात्र बसावे.

भाषा शिकण्यासाठी त्याच खाणावळीतला दूरचित्रवाणी संच उपयोगी पडतो. दुपारी त्यावर गाणी, खेळ आणि बक्षिसांचे थेट कार्यक्रम चालतात. ‘ईट बुलागा’ हा त्यांतला जुना कार्यक्रम 30 जुलै 1979 रोजी सुरू झाला, आणि 2023 मध्ये त्याचे मूळ सूत्रसंचालक टीव्ही5 वाहिनीवर गेले. ‘इट्स शोटाइम’ 2009 पासूनचा. तो ज्या एबीएस-सीबीएन संस्थेचा आहे तिचे प्रक्षेपण परवान्याची मुदत संपल्यामुळे मे 2020 मध्ये थांबले, आणि 2024 मध्ये हाच कार्यक्रम तिच्या जुन्या प्रतिस्पर्धी जीएमए वाहिनीवर दिसू लागला. म्हणून वाहिनी लक्षात ठेवण्यापेक्षा कार्यक्रमाचे नाव लक्षात ठेवावे. नवख्याने या कार्यक्रमांपासून सुरुवात करू नये, कारण त्यांतले विनोद फार वेगाने जातात. मालिका बऱ्या. ‘आंग प्रोबिन्स्यानो’ ही पोलीस नायकाची मालिका 2015 ते 2022 अशी सात वर्षे चालली. तीत रडणे आणि धमक्या भरपूर असल्याने शब्द नाही कळला तरी अर्थ कळतो. बास्केटबॉलचा सामना लागला असेल तर वाहिनी बदलायला सांगू नये. आपल्या पेठांत फुटबॉलचे जे वेड आहे, ते तिथे गल्लोगल्ली बास्केटबॉलचे आहे.

संध्याकाळच्या बातम्या मात्र पावसाळ्यात चुकवू नयेत. वादळाचे इशारे 1 ते 5 या क्रमांकांनी दिले जातात आणि ‘वालांग पासोक’ हे शब्द कानावर आले की शाळा-महाविद्यालयांना सुट्टी आहे असे समजावे. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आपल्याला तोंडपाठ असते, तसेच मनिलाच्या पूर्वेकडील लोक मारिकिना नदीचे 15, 16 आणि 18 मीटर हे तीन टप्पे सांगतात. त्या दिवसांत जीपनीने निघालात तर एक काम आपल्याकडे येते. तिच्या खिडक्यांना काचा नसतात, वर गुंडाळलेला प्लास्टिकचा पडदा असतो, आणि पाऊस आला की खिडकीशी बसलेल्याने मागे वळून, बंद सोडून तो खाली ओढायचा असतो. सर्व पडदे उतरले की बाहेरचे काही दिसत नाही, छतावर पाऊस वाजत राहतो, आणि ‘पारा पो’ नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणावे लागते.