टोमॅटोचं बूड काळं पडत होतं, ते असं थांबलं

गच्चीवरच्या कुंडीतल्या टोमॅटोंना बुडाशी, देठाच्या विरुद्ध टोकाला, आधी पाणचट डाग यायचा. मग तो काळा, चामड्यासारखा होऊन आत खचायचा. वरची बाजू ठणठणीत. बुरशीनाशक फवारलं, अंड्याची टरफलं पुरली, फरक शून्य. अगदी वैताग आला. मुळात ही बुरशी नव्हेच: पाणी कमी-जास्त झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

आधी डागाळलेली फळं खुडली. ती सुधारत नाहीत. युरिया बंद. मातीवर दोन इंच वाळका पालापाचोळा पसरला. मग रोज सकाळी मातीत बोट पेरभर खुपसून, कोरडं लागलं तरच, तळातून निथळेपर्यंत सावकाश पाणी; ऐन उन्हाळ्यात संध्याकाळीही तपासायचं. त्यानंतर धरलेली फळं स्वच्छ निघाली. लांबट जातींना हा त्रास जास्त, चेरी टोमॅटोला क्वचितच.