खाटकाकडच्या फुफ्फुसात सीएफचं इन्फेक्शन कसं वाढवायचं

सिस्टिक फायब्रोसिसवर (सीएफ, फुफ्फुसात चिकट कफ साठवणारा आनुवंशिक आजार) नवीन काम करणारा बहुतेक जण काय करतो, तर स्युडोमोनास हा जंतू एलबीत (लॅबमधलं नेहमीचं पातळ मीडियम) टाकून शेकरवर ठेवतो, सकाळी गढूळ झालं की अँटिबायोटिक घालतो, जंतू मरतात आणि हा खूश. पण पेशंटच्या छातीत तोच जंतू चिकट कफात बायोफिल्म, म्हणजे एकमेकांना धरून राहणारा थर, करून वर्षानुवर्षं ठाण मांडून असतो, तिथे तो इतक्या सहज मरत नाही. उंदराचं म्हणाल तर सीएफचा जीन बिघडवलेल्या उंदरालाही असं इन्फेक्शन आपणहून होऊन टिकत नाही, आगरच्या मण्यांत जंतू भरून श्वासनळीत सोडावे लागतात.

म्हणून मला वॉरिक युनिव्हर्सिटीच्या फ्रेया हॅरिसन यांच्या ग्रुपची पद्धत आवडते. डुक्कर खाण्यासाठी कापलेलंच असतं, फुफ्फुस खाटकाकडून आणायचं. ताजंच हवं, आणि गुलाबी, डाग असलेलं परत द्या. तापवलेली पॅलेट नाइफ वरून टेकवून पृष्ठभाग भाजा, मग आतली ब्राँकिओल, म्हणजे बारीक श्वासनलिका, सोडवा. भोवतीचं स्पंजसारखं मांस नीट काढा, इथेच सगळा वेळ जातो, घाई केली तर तुकडे वाकडेतिकडे होतात आणि नंतर आकडेही तसेच येतात. साधारण ५ मिमीचे चौकोन कापून अँपिसिलिन घातलेल्या मीडियमने धुवा, मग ५ मिनिटं यूव्ही प्रकाशात ठेवा.

२४ वेलच्या प्लेटमध्ये अगारोजच्या (जेलीसारखा पदार्थ) गादीवर एकेक तुकडा ठेवा, इन्सुलिनच्या सुईचं टोक प्लेटवर वाढलेल्या स्युडोमोनासच्या कॉलनीला लावून तुकड्याला टोचा, वरून एससीएफएम, म्हणजे सीएफच्या कफातली अमिनो आम्लं आणि क्षार मोजून २००७ मध्ये बनवलेलं मीडियम. ग्लुकोज वगळा, नाहीतर डुकराचे स्वतःचे जंतू माजतात. हवा जाईल अशी फिल्म लावून ३७ अंशांवर ठेवा. एक-दोन दिवसांनी तुकडा धुऊन बीड बीटरमध्ये (बारीक मण्यांसोबत जोरात हलवणारं मशीन) फोडायचा आणि डायल्यूशन करून, म्हणजे पातळ करत जाऊन, कॉलन्या मोजायच्या. सगळं बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) लॅबमध्ये बरं का, आणि स्युडोमोनासला द्राक्षांसारखा वास येतो म्हणून प्लेट नाकाशी नेऊ नका.

किमान दोन वेगळ्या डुकरांची फुफ्फुसं घ्या, एकाच फुफ्फुसाचे दहा तुकडे म्हणजे दहा रेप्लिकेट, म्हणजे स्वतंत्र पुनरावृत्त्या, नव्हेत. आणि प्रत्येक फुफ्फुसाचे काही तुकडे जंतू न लावलेल्या कोऱ्या सुईने टोचून ठेवाच. मी एकदा आळस केला, ते ठेवलेच नाहीत, आणि प्लेटवर माझ्या हिरव्या कॉलन्यांसोबत पांढऱ्याही उगवल्या, त्या डुकराच्या की माझ्या हाताच्या कळायला मार्गच नव्हता, सगळा आठवडा वाया.