पीआरव्ही बसवताय? स्क्रूला आधी हात लावू नका

टॉवरमध्ये प्रेशरची तक्रार आली की नवखा प्लंबर डक्टमध्ये शिरतो आणि थेट पीआरव्हीच्या, म्हणजे लाइनचं प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या, डोक्यावरच्या सेटिंगच्या स्क्रूला पाना लावतो. प्रेशर दाखवणारं गेज बघणार नाही, पीआरव्हीच्या आधीची गाळणी उघडणार नाही. घाई नुसती!

परळच्या एका टॉवरमध्ये रात्री-अपरात्री फ्लशच्या टाकीचे कनेक्शन पाइप फुटायचे. दिवसा गेज २.५ बार दाखवायचं, एकदम व्यवस्थित. तिथल्या प्लंबरने स्क्रू सैल केला. सकाळी शॉवरला धार नाही म्हणून बोंब, मग पुन्हा आवळला. मी रात्री पीआरव्हीच्या पुढचा कॉक बंद केला आणि मधल्या गेजवर नजर ठेवली. काटा सावकाश चढत ७ बारवर गेला. टेरेसची टाकी तिथून ७० मीटर वर, दर दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे टाकीचं पूर्ण प्रेशर खाली उतरत होतं.

पीआरव्हीत वरून स्प्रिंग दाबते, खालून पुढच्या लाइनचं प्रेशर डायाफ्रामला, म्हणजे आतल्या लवचिक पडद्याला, उचलतं. प्रेशर ठरल्या आकड्याला पोचलं की सीट, म्हणजे पाणी जायचं आतलं तोंड, बंद. इथे टाकी धुतल्यानंतरचा गाळ लाइनमध्ये आला होता आणि वाळूचा कण सीटवर अडकला होता. दिवसा नळ चालू, त्यामुळे झिरपलेलं पाणी वापरात जायचं. रात्री सगळे झोपले की प्रेशर साठत जायचं. स्क्रू कितीही पिळला तरी कण कसा निघणार?

म्हणून टाकी धुतली की त्याच दिवशी मी गाळणी उघडतो. सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुरतात, कुरकुरू देत. गेज दोन्ही बाजूंना हवंच. एक वाचवून कोणी श्रीमंत झालेलं नाही. सेटिंग नळ बंद असताना करा, मग नळ उघडून बघा. तेव्हा काटा थोडा उतरतो, तो दोष नाही. तेवढ्यासाठी स्क्रू आवळू नका.

पीआरव्हीवरचा पाण्याची दिशा दाखवणारा बाण उलटा बसवणारे अजून भेटतात. काय बोलणार!

पाइप दोन इंची म्हणून पीआरव्हीही दोन इंची, असं नसतं. पाण्याचा वापर बघून साइज घ्या, नाहीतर थोड्याशा वापरालाही तो थरथरतो.

९ बारवरून थेट २ वर एकाच व्हॉल्व्हने उतरवलंत तर आवाज येतो आणि सीट खाल्ली जाते. दोन टप्पे करा.

पीआरव्हीच्या पुढे गीझर असेल तर त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू आहे का बघा. तापून फुगलेलं पाणी पीआरव्हीतून मागे जात नाही.

आणि पीआरव्ही खोलण्याआधी बायपासचा, म्हणजे पीआरव्हीला वळसा घालणाऱ्या पाइपचा, व्हॉल्व्ह तपासा. तो पासिंग असला, म्हणजे बंद असूनही पाणी सोडत असला, तरी काटा अगदी असाच चढतो, आणि नवा पीआरव्ही आणूनही चढतच राहतो.