नगरपरिषदेची फाईल वाचायला शिकताना

पुण्यात लोकप्रशासनात एम.ए. करताना प्रकल्पासाठी मी जिल्ह्यातली एक छोटी नगरपरिषद निवडली. सकाळी स्वारगेटहून एसटी, संध्याकाळी परत. पहिला आठवडा वाया गेला, कारण डोक्यात पुणे महापालिकेचा साचा होता. तो आधी बाजूला ठेवा. महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो. नगराध्यक्षाला मतदार थेट निवडून देतात. आयुक्तांच्या जागी इथे शासनाने नेमलेले मुख्याधिकारी असतात. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाची मराठी प्रत जवळ बाळगा, पाठ करत बसू नका.

मी खरं शिकले ते सभेची इतिवृत्तं, म्हणजे कामकाजाच्या लेखी नोंदी, वाचून. एका गल्लीतल्या गटाराचा ठराव सापडला. सूचक, अनुमोदक, खाली ‘सर्वानुमते मंजूर’. म्हणजे काम झालंच, असं मी वहीत लिहिलं. आवक-जावक सांभाळणाऱ्या काकांनी ते वाचून विचारलं, “ताई, पैसे कुठल्या लेखाशीर्षातले?” म्हणजे खर्च अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यावर पडणार. मग त्यांनीच फाईल उलगडून दाखवली. ठरावापुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता (अभियंत्याची), प्रशासकीय मान्यता (खर्चाला), निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश). आणि बिल निघण्याआधी मोजमाप पुस्तिकेत झालेल्या कामाच्या मापांची नोंद. ते गटार तांत्रिक मान्यतेपाशी थांबलं होतं आणि गल्लीतली माणसं नगरसेविकेला बोल लावत होती. तिने तर तीन सभांमध्ये विषय काढला होता, ते इतिवृत्तातच होतं! म्हणून सांगते, दहा ठराव वरवर चाळण्यापेक्षा एकाच कामाचा माग शेवटपर्यंत काढा.

ठराव झाला तरी तो अंतिम नसतो. त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात.

इतिवृत्त हातात आलं की मी आधी ‘ऐनवेळचे विषय’ उघडते. विषयपत्रिकेवर नसलेले हे विषय सभेच्या शेवटी येतात, सदस्यांना अभ्यासाला वेळ मिळालेला नसतो. माझ्या मते सभागृह किती जागं आहे ते तिथेच कळतं.

जिल्हा व त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अर्ज न करता अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या फायली आणि कागदपत्रं, पाहता येतात, असं शासनाचं २०१८ चं परिपत्रक आहे. पहिल्या सोमवारी मला “अर्ज करा” म्हणून परत पाठवलं. पुढच्या सोमवारी परिपत्रकाची प्रत पुढे ठेवली, तेव्हा खिडकीजवळचं टेबल रिकामं करून दिलं.